धरणाचा पत्ता

"बा काबासो, या लवकर. तुमचं भूत परत आलंय!" थोकोने आतून हाक मारली.

काबासो व्हरांड्यात चहा घेऊन उभा होता. सकाळपासून लागलेला पाऊस नुकताच उघडला होता आणि समोरच्या गोदामाच्या पत्र्यावरून वाफ निघत होती. कप कठड्यावर तसाच ठेवून तो आत गेला. थोकोच्या पडद्याच्या अगदी तळाशी एक पिवळी ओळ उमटली होती. ती वाचून होईपर्यंत तिच्याखाली दुसरी आली, मग तिसरी. तिन्हींचा मजकूर एकच: हा पत्ता पहिल्या कार्डावरचा आहे, उत्तर मात्र दुसऱ्या कार्डावरून आलं.

"काय बरळतंय ते?" थोकोने शेंगा सोलता सोलता विचारलं.

"हाक मारली एकाला आणि ओ दिली दुसऱ्याने, असं म्हणतंय."

"म्हणजे भूतच. पण तऱ्हेवाईक. आमच्याकडची भुतं अंधार पडल्यावर येतात. हे मेलं ऊन पडलं की येतं."

"तुम्हा न्गोनींची भुतं ती. आम्ही बेम्बांनी मारून पळवलेली. दिवसा तोंड कसं दाखवतील?"

"पळवलेली म्हणे! तुमच्या हातचं जेवून कंटाळलो, म्हणून उठून गेलो आम्ही."

दोघांच्या दोन जमाती, त्यांच्यातली ही रोजचीच थट्टा होती. काबासो हसला खरा, पण त्याची नजर पडद्यावरून हलली नाही. बाहेर पुन्हा ढग आला. पिवळ्या ओळी थांबल्या.

खाणीतला दगड दळून तांबं काढून घेतलं की मागे राखाडी गाळ उरतो. असा कित्येक वर्षांचा गाळ टेकडीवरच्या मातीच्या भिंतीमागे तळ्यासारखा साठला होता. सगळे त्याला धरणच म्हणत. भिंतीच्या पायथ्याशी खालची वस्ती होती. भिंतीच्या पोटात पुरलेल्या नळ्या आत किती पाणी मुरलंय ते मोजत, भिंतीवरची एक पेटी ते आकडे गोळा करून तारेने कचेरीत पाठवी, आणि त्यांवर नजर ठेवणाऱ्या थोकोच्या पडद्यावर हिरवे खांब उभे राहत. खांब लाल रेघेला टेकले की वस्तीतला भोंगा आपोआप वाजायचा. आकडे यायचे बंद झाले तरी वाजायचा. नियमच तसा होता. धरण गप्प झालं तर ते फुटतंय असं समजून माणसं बाहेर काढायची.

काबासो चिलेक्वा या सगळ्या तारांचा राखणदार. त्याच्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, पण खाणीत त्याला "बा केबल", म्हणजे केबलराव, म्हणत. सगळं सुरळीत असलं की त्याची आठवण कुणाला होत नसे, आणि बंद पडलं की शिव्या त्याच्याच नावाने. त्याला त्याचं फारसं वाटत नसे. छताच्या पोकळीत धुळीतून सरपटत जाऊन उंदरांनी कुरतडलेली केबल शोधून काढली की दिवस कारणी लागला असं त्याला वाटे. संध्याकाळी घरी जाऊन कालुबाच्या, म्हणजे बायकोच्या, हातचा मक्याच्या पिठाचा न्शिमा आणि सुकी कापेंटा मासळी खायची, रेडिओवर फुटबॉल ऐकायचा आणि झोपायचं. यापलीकडे त्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

पण ही पिवळी ओळ त्याच्या डोक्यातून जाईना.

धरणाचे आकडे घेणाऱ्या सर्व्हरमध्ये दोन नेटवर्क कार्डं होती. घराला पुढचं आणि मागचं दार असावं तशी. पहिलं कार्ड कचेरीकडे उघडायचं, दुसरं धरणाकडे. दोन्ही बाजू मुद्दाम वेगळ्या ठेवल्या होत्या, कचेरीतल्या कुणाचा चुकूनसुद्धा धरणाच्या यंत्रांना हात लागू नये म्हणून. सर्व्हरला धरणाशी बोलायचं असलं की तो आधी पुकारा करी: हा पत्ता कुणाचा? ज्याचा असेल त्याने ओ द्यायची. धरणाची ओ मागच्या दाराने यायला हवी. आणि सर्व्हर म्हणत होता की धरण पुढच्या दाराशी राहतं, मागच्या दाराने ओ देतोय तो कुणी परका आहे.

काबासोने आधी साधी चूक शोधली. कुणीतरी दोन्ही केबली एकाच पेटीत खुपसल्या असतील. तसं नव्हतं. केबली जिथल्या तिथे होत्या. आदल्या दिवशी त्याने बा लेंग्वेंनाही विचारलं होतं. ते यंत्रविभागाचे प्रमुख. त्यांनी मान वर न करता सांगितलं होतं, "पावसाळ्यात तारा ओल्या होतात, काहीही ऐकू येतं. इशारा आहे तो, बिघाड नाही. सोड तो नाद."

काबासो लेंग्वेंचा शब्द सहसा मोडत नसे. पण आज त्याने थोकोला सांगितलं, "मी मागची केबल जरा काढतोय. तुझे खांब गायब होतील, घाबरू नको. भोंगा वाजायच्या आत परत लावतो. आकडे गेले की ओरड."

तो शेजारच्या खोलीत गेला. सर्व्हरच्या मागे वाकून त्याने धरणाकडची केबल चिमटीत धरली आणि ओढून काढली. मग कान देऊन उभा राहिला.

थोको ओरडली नाही.

"गेले का?" त्याने विचारलं.

"काय जायचंय? काढा की लवकर. मला जेवायला जायचंय."

केबल तशीच लोंबकळत ठेवून तो बाहेर आला. पडद्यावरचे हिरवे खांब शांतपणे उभे होते. त्यांतला एक बोटभर खाली सरकला, पुन्हा वर आला. धरणाशी असलेला एकुलता एक धागा तुटलेला होता आणि धरणाचे आकडे येतच होते.

"बा काबासो, काढली ना तुम्ही?"

"काढली."

थोकोच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मग हे कोण बोलतंय?"

काबासोने दार लोटलं. "कुणाला सांगू नको," एवढंच तो म्हणाला. थोकोने मान हलवली. नंतर बराच वेळ तिने त्याला एकही टोमणा मारला नाही.

त्याने सर्व्हर उघडून पाहिला. पहिल्या कार्डाला कुणीतरी धरणाच्या बाजूचा एक जादा पत्ता देऊन ठेवला होता. हे आपोआप होत नाही. त्यासाठी परवलीचा शब्द लागतो आणि तो दोघांनाच ठाऊक होता. एक तो स्वतः.

प्रत्येक कार्डाला कारखान्यातून एक क्रमांक कोरून येतो, आणि तो पाहिला की कार्ड कोणत्या कंपनीचं ते कळतं. धरणाच्या नावाने ओ देणाऱ्याचा क्रमांक कचेरीतल्या टेबलावरच्या संगणकासारखा होता. मग त्याची केबल कोणत्या भोकातून येते ते शोधणं अवघड नव्हतं. काबासो शिडी लावून छतात शिरला आणि केबलीच्या मागे मागे सरपटत गेला. कागद-शाईच्या कोठीवर पोहोचल्यावर ती खाली उतरली होती. कोठीत खोक्यांच्या रांगेमागे, मोडक्या टेबलाखाली, एक संगणक जुन्या पडद्याच्या कापडाने झाकून ठेवला होता. कापडाला हात लावला तर गरम. आतला पंखा झोपलेल्या माणसासारखा एका लयीत घुरघुरत होता.

काबासोने त्याला पडदा जोडला. त्यावर एकच फाइल चालू होती. ती संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. फाइलीचं नाव होतं सप्टेंबर. सप्टेंबर म्हणजे इथल्या ऐन कोरड्या हंगामातला महिना. भिंत तेव्हा खडखडीत असते.

बाहेर जानेवारी संपत आला होता आणि पाऊस पुन्हा कोसळू लागला होता. तो तिथेच खोक्यावर बसला. धरण आता या कोठीत राहत होतं. खरं धरण मागच्या दाराशी येऊन हाका मारत होतं, आणि सर्व्हर त्यालाच परका म्हणत होता.

लेंग्वे आपल्या खोलीत चर्चमधलं गाणं गुणगुणत पेन्सिलीला टोक करत होते. काबासोचा चेहरा आणि शर्टावरची धूळ पाहताच गुणगुणणं थांबलं.

"दार लाव," ते म्हणाले.

काबासोने दार लावलं. तो बाजारात रेडिओ दुरुस्त करत बसायचा तेव्हा याच माणसाने त्याला तिथून उचलून आणलं होतं आणि हाताला धरून काम शिकवलं होतं. त्याच्या लग्नात मुलाकडचा मध्यस्थ म्हणून मागणी घालायला गेले होते तेही लेंग्वेच.

"कधीपासून?" काबासोने विचारलं.

"डिसेंबरात वीज पडली ना, तेव्हापासून. पेटी जळाली."

"जळाली नाही. बॅटरी गेलीय तिची. ऊन पडलं की सौर पत्र्यावर उठते, आपला पत्ता ओरडून सांगते, आणि ढग आला की मरते. हा आठवडाभर हाका मारतेय ती."

लेंग्वेंच्या हातातली पेन्सिल टेबलावर घरंगळली. हे त्यांना माहीत नव्हतं, ते काबासोला स्पष्ट दिसलं.

"नवी पेटी निघालीय दक्षिण आफ्रिकेतून," ते म्हणाले. "सीमेवर ट्रक अडकलेत. तोवर पडद्यावर काहीतरी दिसू दे, असं वरून सांगितलं."

"वरून कोणी?"

"वरून म्हटलं ना! असलं कुणी लिहून देतं का? आकडे बंद म्हणजे भोंगा. भोंगा म्हणजे वस्ती रिकामी, गिरणी बंद, सगळी खाण बंद. तू थांबवणार होतास खाण? मी थांबवणार होतो?"

"वस्तीत माझी सासू राहते, बा लेंग्वे. त्या दारात तुम्हीच गेला होता माझ्यासाठी."

"मला शिकवू नको ती कुठे राहते ते!" लेंग्वेंचा आवाज चढला आणि तसाच खाली आला. "भिंत उभी आहे रे. मी स्वतः जाऊन बघून आलोय."

"कधी?"

लेंग्वेंनी पेन्सिल उचलली, उगाच न्याहाळली. "नाताळाच्या आधी."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. "शुक्रवारपर्यंत पेटी येईल, तोवर थांब," ते म्हणाले. "माझ्यासाठी थांब."

पाऊस जरा ओसरला तशी सायकल काढून काबासो खालच्या वस्तीकडे उतरला.

बाना कालुबाचं, म्हणजे कालुबाच्या आईचं, घर शेवटच्या ओळीत होतं. मागे परस आणि परसामागे लगेच भिंतीचा चढ. काबासो कुंपणाशी थांबला आणि घराकडे पाठ करून, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. त्यांच्या रिवाजात जावयाला सासूच्या नजरेला नजर देता येत नाही. त्याला घरात घेण्याचा विधी सासरे गेल्यामुळे राहिला होता तो राहिलाच, त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्याने त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. बोलायचं झालं तर कुणाला तरी मध्ये घालून. कुणी नसलं तर सासू कोंबडीशी बोले.

"कोंबडे," मागून आवाज आला, "विचार त्या माणसाला, एवढ्या चिखलातून का आला? माझी लेक बरी आहे ना?"

"बरी आहे म्हणावं. परसात पाणी किती आहे, ते विचार."

"पाणी? कोंबडे, त्याला सांग, यंदा मला झारी उचलावी लागली नाही. भिंतीच्या बुडाशी झरा फुटलाय. भाजी बघ म्हणावं कशी माजलीय."

"कधी फुटला?"

"नाताळात. आधी काचेसारखं यायचं, आम्ही प्यायचो सुद्धा. रविवारी चर्चमधून आले तर राखाडी झालं होतं. आता भांडीही घासवत नाहीत त्यात."

काबासो तोंड फिरवून घराच्या कडेकडेने परसात गेला. भोपळ्याच्या वेलाखालून पाणी येत होतं. धार मनगटाएवढी असेल. त्याने ओंजळ भरली आणि पाणी सांडू दिलं. तळहातावर पिठासारखा मऊ, राखाडी थर उरला. त्याने तो अंगठ्याने चोळून पाहिला. हा वरच्या पावसाचा चिखल नव्हता. भिंत आतून धुपत होती आणि थोडी थोडी करून या परसातून वाहून चालली होती. वर पाहिलं तर भिंत नेहमीसारखीच दिसत होती, हिरव्या गवताने झाकलेली. गवतावर दोन बकऱ्या चरत होत्या.

"कोंबडे," सासू कोपऱ्याआडून म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "तो माणूस एवढा गप्प का झाला?"

"म्हणावं, बोचकं बांधून ठेवा. भोंगा वाजला तर मागे बघू नका."

काबासो कचेरीत परतला तेव्हा लेंग्वे त्याला सर्व्हरच्या खोलीतच भेटले. जणू वाट पाहत होते. काबासोने तळहात पुढे केला. गाळ वाळून रेघारेघांत बसला होता. लेंग्वेंनी त्याला बोट लावलं आणि बोटाकडे पाहत राहिले.

"खरे आकडे काढू या," काबासो म्हणाला. "मग काय ते ठरवा."

धरणाकडची लोंबकळती केबल त्याने आपल्या लॅपटॉपला लावली. आता मध्ये सर्व्हर नव्हता, कोठीतला संगणक नव्हता. फक्त टेकडीवरची ती अर्धमेली पेटी आणि ही दोन माणसं. पण आकाश भरलेलं होतं आणि पेटी झोपलेली होती. दोघं खिडकीशी उभे राहून ढगांकडे बघत राहिले. पलीकडे थोकोच्या पडद्यावर सप्टेंबर महिना हिरवागार चालू होता.

"पोरांना मी हेच शिकवलं," लेंग्वे मध्येच म्हणाले. "आकड्यावर विश्वास ठेवा, माणसावर नको."

काबासोने लॅपटॉपची केबल पुन्हा घट्ट दाबली.

दुपार कलताना पश्चिमेकडे ढग फाटला. उन्हाचा एक पट्टा गोदामावरून सरकला, गिरणीच्या धुराड्यावरून गेला आणि टेकडी चढू लागला. लॅपटॉपवर एक ओळ उमटली: हा पत्ता माझा. मग आकडे आले, तुटक तुटक, म्हातारा माणूस धापा टाकत बोलावा तसे. वरच्या भागातल्या नळ्या ठीक होत्या. मधल्या लाल रेघेला टेकल्या होत्या. उत्तर कोपऱ्यातल्या खालच्या नळ्यांचे आकडे रेघेच्या इतके वर होते की लेंग्वेंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

ऊन गेलं. आकडे अर्ध्यावर तुटले.

काबासो उठला. "मी कोठीत जातो."

"थांब."

"बा लेंग्वे, आता शुक्रवार नाही."

"थांब म्हणतोय ना. तू नको. ती वायर मी लावलीय." लेंग्वे दारापर्यंत गेले आणि वळले. एवढ्या वेळात त्यांचं वय वाढल्यासारखं दिसत होतं. "उद्या विचारतील कोणी काढली. माझं नाव सांग."

कोठीतून खोकी सरकवल्याचा आवाज आला, मग पंख्याची घुरघुर थांबली. थोकोच्या पडद्यावरचे खांब एकेक करून मावळले. ती उठून उभी राहिली, आणि थोड्याच वेळात दरीतून भोंग्याचा आवाज वर आला. चाचणीच्या वेळी सगळे त्याला हसत. आज कचेरीत कुणी हसलं नाही.

काबासो सायकलवरून खाली पोहोचला तेव्हा वस्ती रस्त्यावर आली होती. बायकांच्या डोक्यावर गाद्या, पाठीवर मुलं. पुरुष एकमेकांना विचारत होते, खरं आहे का, का नेहमीसारखी परीक्षा? लेंग्वे खाणीची पिकअप घेऊन चर्चच्या कर्ण्यातून ओरडत गल्ल्यांतून फिरत होते. "वर चला! शाळेत चला! सामान सोडा!" गाडी भरली की वर नेऊन सोडत आणि रिकामी परत आणत.

बाना कालुबा तिच्या दारात दिसली नाही. काबासोने कुंपणाशी उभं राहून हाका मारल्या. ओ आली नाही. मग त्याने उंबरा ओलांडला. ती आत पलंगावर बसून होती. समोर बांधलेलं बोचकं, मांडीवर कोंबडी.

"तू आत कसा आलास?" ती म्हणाली. कोंबडीला नाही, त्यालाच.

"मायो, उठा." त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. ते इतके कालुबासारखे असतील असं त्याला कधी वाटलं नव्हतं. "मागनं शिव्या द्या. आता उठा."

ती उठली. बोचकं त्याने घेतलं, कोंबडी तिने.

चढावर अर्ध्या वाटेत त्यांना रिकामी पिकअप खाली जाताना दिसली. लेंग्वेंनी खिडकीतून हात बाहेर काढला. "म्हातारा शिंदानो बकऱ्या सोडून येत नाहीये," ते ओरडले. "त्याला घेऊन आलोच." काबासोने थांबा म्हणून हात केला, पण गाडी वळणाआड गेली होती.

शाळेच्या मैदानावरून सगळ्यांनी ते पाहिलं. मोठा धडाका वगैरे झाला नाही. जाड कापड टराटरा फाडावं तसा एक लांब आवाज आला, आणि भिंतीचा उत्तरेकडचा कोपरा खाली बसला. त्यातून गाळ निघाला. तो पाण्यासारखा धावला नाही. दाट राखाडी खिरीसारखा पसरत गेला, पण वाटेत आलेलं काही त्याने सोडलं नाही. शेवटची ओळ, तिच्या आधीची, मग चर्च. पत्रे काही वेळ वर तरंगले. एका मुलाने आईला विचारलं, आपलं घर कोणतं, आणि आईने त्याचं तोंड आपल्या अंगाला गुंडाळलेल्या चितेंगेच्या कापडात दाबून धरलं.

वस्तीतली माणसं वाचली. म्हातारा शिंदानो आणि लेंग्वे दोघं तेवढे परत आले नाहीत. पिकअप तिसऱ्या दिवशी वळणाच्या खाली सापडली. दोघंही आतच होते.

मग चौकशीची माणसं आली. खाणीच्या वतीने सांगण्यात आलं की खोटे आकडे एका अधिकाऱ्याने परस्पर लावले होते, वर कुणालाही काही कल्पना नव्हती. काबासोला विचारलं तेव्हा त्याने जे पाहिलं ते सांगितलं. संगणक लेंग्वेंनी बसवला. वरून सांगितलं असं ते म्हणाले, मी ते स्वतः ऐकलं नाही. वायर त्यांनीच काढली. चौकशीच्या माणसाने पहिलं वाक्य लिहून घेतलं. तिसऱ्या वाक्याला त्याचं पेन थांबलेलं होतं.

"तेही लिहा," काबासो म्हणाला.

"त्याने काय फरक पडतो?"

"लिहा तुम्ही."

लेंग्वेंच्या घरी सुतकाची बैठक बसली. अंगणात ताडपत्रीखाली शेजारच्यांकडून आणलेल्या खुर्च्या मांडल्या होत्या. चर्चच्या गायकांपैकी चौघंपाचजण आले, बाकी कुणी फिरकलं नाही. खाणीतून कुणी येणार नव्हतंच. ज्यांना त्यांनी कर्ण्यातून ओरडून घराबाहेर काढलं ते सगळे शाळेच्या वर्गांत चटयांवर पडून होते, आणि त्यांच्यात आता एकच नाव घेतलं जात होतं, आणि ते चांगल्या अर्थाने नव्हे. एरवी अशा घरात रात्रंदिवस माणसं मावत नाहीत. इथे आत जमिनीवर विधवेजवळ कालुबा होती, थोको होती, आणि दोन म्हाताऱ्या. बाहेर शेकोटीपाशी काबासो आणि लेंग्वेंचा भाऊ. लाकडं संपत आली होती आणि ती आणायला कुणाला पाठवावं हा भावापुढे प्रश्न होता.

विधवा एकदा दारापर्यंत आली. तिचा आवाज पार बसला होता. "काबासो, लोक म्हणतात ते खरं का?"

"खरं आहे, मायो," तो म्हणाला. "आणि बाकीचंही खरं आहे."

ती आत गेली.

संध्याकाळच्या सुमाराला लेंग्वेंच्या भावाने मान वर केली. शाळेच्या रस्त्याने बायका येत होत्या. एकामागे एक, कमरेला चितेंगे कसलेले, डोक्यावर लाकडांच्या मोळ्या. काहींच्या हातात मक्याच्या पिठाच्या पुरचुंड्या, मदत म्हणून शाळेत वाटलेल्या, त्यांच्या स्वतःच्या वाट्याच्या. सगळ्यांत पुढे बाना कालुबा होती. कुणाच्याच कपड्यांवरचा राखाडी डाग अजून गेलेला नव्हता.

अंगणात येऊन त्यांनी पुरुषांकडे पाहिलं नाही. बाना कालुबाने मोळी शेकोटीजवळ उतरवली, हात झटकले आणि आत गेली. एकेकीने तसंच केलं. शेवटची एक तरणी बाई होती, मैदानावर मुलाला चितेंगेत दाबून धरणारी तीच. मोळी टाकून ती तिथेच उभी राहिली, रिकाम्या खुर्च्यांकडे बघत.

"माझं घर नेलं या माणसाने," ती म्हणाली. मोठ्याने, पण कुणालाच उद्देशून नाही.

काबासोने शेकोटीत एक लाकूड सरकवलं.

तिने मुलाला पाठीवर नीट सरकवलं, चपला दारात काढल्या आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसली. थोड्या वेळाने आतून रडण्याचा आवाज येऊ लागला. आधी एकीचा, मग सगळ्यांचा.